आकडा कमी करू की वाढवू?

झुरिकजवळ राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात:

"ताई, आम्ही सहा वर्षांपूर्वी नाशिकहून इकडे आलो. मी ३८ वर्षांची, नवरा ४२ चा, मुलगी नऊची. तीन हिवाळ्यांपासून आम्ही दोघं स्की शिकतोय. आत्तापर्यंत सगळं सामान भाड्याने घ्यायचो. यंदा नवऱ्याच्या ऑफिसमधल्या सहकाऱ्याने त्याच्या घरातल्या दोन जोड्या फुकट दिल्या, आणि बूट आम्ही जुन्या सामानाच्या बाजारातून आणले. नवरा मेकॅनिकल इंजिनिअर आहे. त्याने इंटरनेटवरचा तक्ता बघून बाइंडिंगचे, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचे, स्क्रू घरीच फिरवले. 'बूट खटकन बसतोय, अजून काय हवं? चार स्क्रूंसाठी दुकानात पैसे कशाला?' असं त्याचं म्हणणं.

पहिल्याच रविवारी, साध्या निळ्या उतारावर, वळण घेताना माझी एक स्की आपोआप सुटली आणि मी खांद्यावर आपटले. तो म्हणतो, बाइंडिंग किती जोराने सुटेल ते ठरवणारा आकडा वाढवू या. त्याच महिन्यात आमच्या एका मैत्रिणीच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. तिची स्की मात्र सुटलीच नाही. तेव्हापासून मला वाटतं, आकडा सगळ्यात खाली आणून ठेवावा. सुटली तर सुटली, पाय तरी वाचेल. यावरून घरात रोज वाद होतो. सासूबाई फोनवर विचारतात, पाय मोडून घ्यायची एवढी हौस कशाला? फेब्रुवारीत मुलीचा शाळेचा स्की-कॅम्प आहे. तिच्यासाठीही जुनंच सामान घ्यायचं ठरतंय. आमच्यात बरोबर कोण?"

प्रिय मैत्रिणी,

आधी एक विनंती. हे उत्तर वाचून होईपर्यंत दोघांपैकी कोणीही स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका, आणि त्या स्की घालून डोंगरावरही जाऊ नका.

तुम्ही दोघं दोरी उलट्या बाजूंना ओढताय, पण एक गोष्ट दोघांनीही न बोलता मान्य केली आहे: बाइंडिंगच्या खिडकीत दिसणारा आकडा खरा आहे. म्हणजे त्यात पाच दिसले तर स्प्रिंग पाचाच्याच जोराने सुटणार. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न इथे आहे. कमी की जास्त, हे त्यानंतर.

बाइंडिंगला दोन उलटी कामं एकाच वेळी करायची असतात. चालू स्कीत बूट घट्ट धरून ठेवायचा, आणि पाय पिळवटायला लागला की हाड मोडण्याआधी सोडून द्यायचा. पूर्वी फक्त पहिलं काम व्हायचं. यालमार व्हाम नावाचा मूळचा नॉर्वेचा, अमेरिकेत ओरेगनला स्थायिक झालेला स्कीपटू होता. १९३७ मध्ये त्याचा पाय मोडला आणि त्या दुखण्यातच त्याला पिळ पडल्यावर बूट सोडणाऱ्या बाइंडिंगची कल्पना सुचली. आजच्या बाइंडिंगमध्ये पुढचा भाग बूट आडवा, डावी-उजवीकडे सोडतो. तोल पुढे गेला की मागचा भाग टाच वर सोडतो. दोन्हींना स्वतंत्र स्प्रिंग, स्वतंत्र स्क्रू, स्वतंत्र आकडा. तुमच्या एका जोडीवर असे चार आकडे आहेत.

हा आकडा, ज्याला सगळे 'डिन' म्हणतात आणि तुमच्याकडच्या दुकानात 'झेड-वेर्ट', पाच गोष्टींवरून ठरतो: वजन, उंची, वय, स्की करण्याची पद्धत आणि बुटाच्या तळाची लांबी. आधी वजनाची ओळ बघायची, मग उंचीची, आणि दोन्ही वेगळ्या आल्या तर हलक्या माणसाची, म्हणजे वरची ओळ धरायची. समजा एखाद्याचं वजन ८४ किलो आणि उंची १७२ सेंटिमीटर. वजनाने तो ७९ ते ९४ किलोच्या ओळीत येतो, उंचीने १६७ ते १७८ सेंटिमीटरच्या. धरायची ती उंचीची ओळ. घाईत तक्ता वाचणारे फक्त वजन बघतात आणि इथेच एक ओळ चुकतात. वय पन्नास किंवा जास्त असेल, किंवा नऊ आणि त्याखाली असेल, तर आणखी एक ओळ वर जायचं. पद्धतीचे प्रकार तीन. हळू, सावध जाणारा पहिला. तो असतो तिथेच राहतो. मधला एक ओळ खाली, वेगाने तीव्र उतार घेणारा दोन ओळी खाली.

त्यानंतर बुटाचा तळ. त्याची लांबी मिलिमीटरमध्ये, टाचेजवळ बाहेरच्या बाजूला कोरलेली असते, २९५ किंवा ३१५ असा तीन अंकी आकडा. बुटाचं माप ते वेगळं. तळ लांब असेल तर पायाच्या पिळाला जास्त लांब दांडा मिळतो, म्हणून त्याच ओळीत लांब बुटाला आकडा कमी येतो. दोन माणसांचं वजन अगदी सारखं असलं तरी बूट वेगळे तर आकडे वेगळे. सहकाऱ्याच्या बायकोच्या स्कीवर जो काही आकडा होता, त्याचा तुमच्या पायाशी काहीही संबंध नाही.

तुमच्यासाठी कोणता आकडा येतो हे मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिला तर तो आज संध्याकाळीच फिरवला जाईल.

आता तुमच्या पडण्याबद्दल. सारखा फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. दिवे लागतात, पण बिघाड भिंतीत तसाच राहतो. वळणावर स्की आपोआप सुटली म्हणून आकडा वाढवणं हे तसंच आहे. साध्या निळ्या उतारावर, तुमच्या वेगात स्की सुटली असेल, तर मी आकड्याकडे सगळ्यात शेवटी बघेन.

पहिला संशय मागच्या दाबावर. टाचेचा भाग रुळावर पुढे-मागे सरकतो आणि बुटाला पुढच्या भागावर ठरावीक जोराने दाबून धरतो. हा दाब बरोबर आहे की नाही हे सांगणारी खूण प्रत्येक कंपनीची वेगळी असते. कुठे स्क्रूचं डोकं कडेला समपातळीत यावं लागतं, कुठे छोटी पट्टी दोन रेघांच्या मध्ये. आणि ती खूण बूट आत बसवल्यावर बघायची असते. दाब कमी असला तरी बूट खटकन बसतो. तुमच्या नवऱ्याने ज्या आवाजावर भरवसा ठेवला तो एवढंच सांगतो की टाच अडकली. स्की वाकते तेव्हा, विशेषतः वळणात, पुढच्या आणि मागच्या भागातलं अंतर बदलतं. दाब कमी असेल तर नेमका त्या क्षणी बूट निसटतो. तुम्ही लिहिलेला प्रसंग वाचून मला सगळ्यात आधी हेच वाटलं, पण पत्रावरून निदान करणं योग्य नाही. उलट दाब जास्त असेल तर सुटायला हवं तेव्हा सुटत नाही.

दुसरा संशय बुटाच्या तळावर. जुन्या बाजारातला बूट म्हणता, म्हणजे तो कोणीतरी पार्किंगच्या डांबरावर, लोखंडी जिन्यांवर बरीच वर्षं चालवलेला असणार. पुढची आणि मागची कड झिजून गोल झाली असेल तर बाइंडिंगला धरायला नीट जागाच उरत नाही. शिवाय तळाचे प्रकार आता वेगवेगळे आहेत. जुना सपाट कडक तळ (आयएसओ ५३५५), चालायला सोपा वळणदार रबरी ग्रिपवॉक, आणि टूरिंगच्या, म्हणजे स्कीवरूनच डोंगर चढण्याच्या, बुटांचे तळ. ग्रिपवॉकचा तळ जुन्या बाइंडिंगमध्ये दाबून बसवता येतो, पण ते बाइंडिंग त्या तळासाठी बनलेलं नसेल तर आडवं सुटताना रबर घासतं आणि सुटण्याचा जोर वाटेल तसा बदलतो. बाइंडिंगवर ग्रिपवॉकची खूण आहे का ते बघा. नसेल तर ती जोडी त्या बुटासाठी नाही, स्क्रू कितीही फिरवले तरी.

बुटाच्या पुढच्या तळाखाली, बाइंडिंगवर, एक गुळगुळीत सरकपट्टी असते. ती फाटलेली, ओरखडलेली किंवा अडकलेली असेल तरी गडबड होते. आणि बुटाखाली चिकटलेला बर्फ! तो तर सगळ्यांच्याच बाबतीत. लिफ्टमधून उतरून, बर्फात चार पावलं चालून, तळ न झटकता स्की घातली की टाच अर्धवट बसते. काठीच्या टोकाने किंवा बाइंडिंगच्याच कडेवर तळ खरवडायची सवय मुलीलाही आत्तापासून लावा.

हे सगळं वाचून तुमची बाजू बळकट झाली असं समजू नका. "सगळ्यात खाली आणून ठेवावा" यात मला तेवढाच धोका दिसतो, आणि तो मी स्वतः भोगला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी भाड्याच्या दुकानात, मागे रांग उभी असताना, मला माझं वजन मोठ्याने सांगवलं नाही. आठ किलो कमी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या कडक बर्फावर, ज्या ठिकाणी पडायचं काही कारण नव्हतं, तिथे स्की सुटली आणि मनगट मोडलं. दुकानदाराने मी सांगितलं तसंच बसवून दिलं होतं. चूक माझ्या लाजेची होती. नको तेव्हा सुटलेली स्की म्हणजे वेगात एका पायावर उरलेलं माणूस. खांदा, मनगट, डोकं, आणि कडेला झाडं असतील तर त्याहून वाईट. तुम्ही खांद्यावर पडलात, हे नशीबच म्हणायचं.

तुमच्या मैत्रिणीच्या गुडघ्याबद्दल वाईट वाटलं. तिची स्की सुटली नाही म्हणजे तिचा आकडा जास्त होता, असा अर्थ तुम्ही काढलात. तसं असेलच असं नाही. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या शुगरबुश इथे रॉबर्ट जॉन्सन, कार्ल एटलिंगर आणि जॅस्पर शीली यांनी १९७२ पासून वर्षानुवर्षं स्कीच्या दुखापतींची नोंद ठेवली. त्यांना दिसलं ते असं: बाइंडिंग सुधारत गेलं तसे नडगी मोडण्याचे प्रकार खूप कमी झाले, पण गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटला ते संरक्षण मिळालं नाही. कारण बाइंडिंगला पिळ जाणवतो तो बुटाच्या टोकाशी. माणूस मागे बसतो, ढुंगण गुडघ्यांच्या खाली जातं, आणि सगळा भार खालच्या स्कीच्या मागच्या टोकाच्या आतल्या कडेवर येतो, तेव्हा स्कीचं शेपूट गुडघा पिळतं. त्या पिळाचा जोर बुटाच्या टोकापर्यंत पुरेसा पोचतच नाही. आकडा अगदी अचूक असला तरी बाइंडिंग गप्प बसू शकतं. बायकांमध्ये ही दुखापत पुरुषांपेक्षा जास्त होते, म्हणून तुमची भीती अनाठायी नाही. फक्त तिचा इलाज स्क्रूमध्ये शोधू नका. हात पुढे, पाय जवळ, आणि तोल मागे जातोय असं वाटताच सावरायची झटापट न करता पडून घ्यायचं. घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायला जायचं नाही. पडल्या पडल्या उठायची घाई, आजूबाजूला लोक बघतायत म्हणून, आपल्याला फार असते. प्रशिक्षकाबरोबरचा एखादा तास फक्त यासाठी घ्या.

मग आकड्याचं खरं-खोटं कसं कळतं? मोजून. तुमच्या देशात हे सोपं आहे. चांगल्या स्की-दुकानात एक यंत्र असतं. तुमची स्की त्यात धरतात, तुमचाच बूट बसवतात, आणि यंत्र तो हळूहळू डावीकडे, मग उजवीकडे, मग पुढे ओढतं. बूट सुटतो त्या क्षणीचा जोर न्यूटन-मीटरमध्ये नोंदला जातो. प्रत्येक स्कीचा वेगळा. आयएसओ ११०८८ या मानकात हे सगळं कसं करायचं ते ठरलेलं आहे. तंत्रज्ञ तक्त्यातून आकडा काढतो, पण तिथे थांबत नाही. तुमच्या पायाला जो जोर हवा तो मिळेपर्यंत स्क्रू फिरवतो. म्हणून शेवटी खिडकीत तक्त्यापेक्षा थोडा वेगळा आकडा दिसू शकतो, आणि तोच बरोबर असतो. स्प्रिंग थकते, वंगण सुकतं, गाडीच्या टपावरून नेताना रस्त्यावरचं मीठ आत जातं. हे काही खिडकीतून दिसत नाही. फरक फारच असेल तर तंत्रज्ञ सांगतो की हे बाइंडिंग आता बाद.

तुमच्या नवऱ्याशी बोलताना मी इथूनच सुरुवात करेन. त्याला तक्ता वाचता येतो, हात चांगला आहे, यात शंका नाही. पण तो ज्या कारखान्यात काम करतो तिथे एखाद्या सेफ्टी व्हॉल्व्हवर नुसता आकडा छापलाय म्हणून तो पास करतील का? मोजून, कागदावर नोंद करूनच करतील. त्याला दुकानात पाठवू नका, बरोबर जा आणि यंत्र चालू असताना त्याला शेजारी उभा करा. खर्च तिघांच्या एका दिवसाच्या लिफ्ट-पासपुढे किरकोळ आहे. स्वित्झर्लंडमधली अपघात टाळण्याविषयी सल्ला देणारी बीएफयू ही संस्था दर वर्षी ही तपासणी करून घ्यायला सांगते. तपासलेल्या स्कीवर त्यांचा स्टिकर लागतो आणि मोजमापाची छापील पावती मिळते. पावती मागाच. मुलीच्या कॅम्पच्या आधी शिक्षकही ती विचारू शकतात.

दुकानदार कदाचित म्हणेल, हे मॉडेल आम्ही आता बसवून देत नाही. राग मानू नका. कंपन्या कोणत्या बाइंडिंगची जबाबदारी घेतात याच्या याद्या असतात, आणि यादीतून गेलेल्या जुन्या बाइंडिंगला शहाणा तंत्रज्ञ हात लावत नाही. तेव्हा ती फुकटची जोडी भिंतीला टेकवून ठेवा. स्कीची फळी चांगली असेल तर नवीन बाइंडिंग लावता येईल का ते विचारा. नवीन घ्यायची वेळ आली तर एवढंच बघा: तुमच्या बुटाच्या तळाशी जुळतं का, आणि तुमचा आकडा त्या बाइंडिंगच्या पट्ट्याच्या मधल्या भागात येतो का. ज्याला पाच हवे त्याने तीन ते दहाच्या पट्ट्यातलं घ्यावं. मोठ्या आकड्यांचं, स्पर्धेतलं बाइंडिंग 'पुढे कामाला येईल' म्हणून घेऊ नये. सुटलेली स्की थांबवणाऱ्या ब्रेकचे दोन दांडे स्कीच्या कमरेपेक्षा, म्हणजे बुटाखालच्या तिच्या रुंदीपेक्षा, थोडे रुंद हवेत, फार नाही.

आता लेकीचं. इथे मला काळजी जास्त वाटते, कारण आपल्याकडे मुलांना सगळं 'वाढत्या अंगाचं' घ्यायची पद्धत आहे. फ्रॉक चालतो, रेनकोट चालतो. बाइंडिंगला आणि बुटाला हे चालत नाही. मोठ्यांच्या बाइंडिंगचा सगळ्यात खालचा आकडासुद्धा हलक्या मुलीला जड पडू शकतो. शिवाय मुलांच्या बुटाचा तळ मोठ्यांच्यापेक्षा वेगळ्या मापाचा असतो आणि मोठ्यांच्या प्रत्येक बाइंडिंगमध्ये तो चालत नाही. एका वर्षात तिचं वजन बदलतं, उंची बदलते, बुटाची लांबी बदलते. नऊची दहा झाली की तक्त्यातली वयाची सवलतही जाते. म्हणून तिच्यासाठी जुनं विकत घेण्यापेक्षा दुकानातून अख्ख्या सीझनसाठी भाड्याने घ्या. तुमच्याकडे मुलांसाठी ही सोय सगळीकडे आहे, आणि दुकान तिच्या मापाने बाइंडिंग बसवूनच देतं. कॅम्पच्या आधी बूट बदलला तर पुन्हा बसवून घ्यायचं, दोन मिलिमीटरचा फरक असला तरी.

हेच भाड्याचं तंत्र पुण्या-मुंबईहून पहिल्यांदा गुलमर्गला किंवा औलीला जाणाऱ्या वाचकांनीही लक्षात ठेवावं. स्की हातात देणाऱ्याने तुमचं वजन, उंची, वय विचारलं का? बुटावरचा तीन अंकी आकडा बघितला का? तुमच्यासमोर स्क्रू फिरवला का? नसेल तर नम्रपणे थांबवा आणि करून घ्या. पहिल्यांदाच जात असाल तर 'पहिला प्रकार' असं स्पष्ट सांगा.

ते स्पष्ट सांगणं तुमच्या घरातही अवघड जाणार आहे असं मला पत्रावरून वाटतं. दुकानातला फॉर्म विचारेल: सावध, मधला की वेगवान? तीन हिवाळे झाले, निळ्याहून अवघड लाल उतारही कधीतरी केला, आपण मधले तरी असू, असं मनात येतं. नवऱ्याच्या तर नक्की येईल. हे प्रशस्तिपत्रक नसतं. मधला म्हटलं की स्प्रिंग एक ओळ जास्त घट्ट. तुम्ही दोघं अजून हळू, सांभाळून जाता ना? मग पहिला प्रकार लिहा. तेवढ्यानेच तुमची 'कमी हवा' ही इच्छा बऱ्यापैकी पूर्ण होते, तीही नियमात बसून. त्याहून कमी हवा असेल तर तंत्रज्ञाला सांगता येतं. तो धोके समजावून, बहुधा तुमची सही घेऊन, तसं बसवून देईल. मी मात्र पहिल्या सीझनला तसं करणार नाही.

मापून आणल्यावर घरी काय करायचं, तर थोडंच. चार खिडक्यांतले आकडे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे स्क्रू हलला तर कळेल. दर सकाळी मागच्या दाबाची खूण आणि ब्रेक खाली येतात का ते बघा. सतरंजीवर बूट घालून, हळूहळू, झटका न देता पाय पिळून बाइंडिंग सुटतं का हे बघणारे लोक आहेत. त्याने यंत्रणा गंजून अडकलेली नाही एवढंच कळतं, जोर किती हे नाही. गाडीच्या टपावर स्की नेताना पिशवीत घाला. प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं.

सासूबाईंना काय सांगायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. मी असते तर यंत्राचा व्हिडिओ पाठवला असता, बूट कसा अलगद सुटतो ते दाखवणारा.

येत्या शनिवारी सकाळी लवकर जा, दुपारनंतर दुकानात गर्दी होते. दोघांचे स्वतःचे बूट घ्या, तळ घासून कोरडे केलेले. दोन्ही जोड्या घ्या. आणि आदल्या दिवशी वजनकाट्यावर उभ्या राहून जो आकडा येईल तो कागदावर लिहून न्या, म्हणजे रांगेत मोठ्याने सांगावा लागणार नाही.

तुमची,
ताई